नागपूर–नाशिक हवाई अंतर नक्की किती, आणि खरा वेळ किती धरायचा?

वर्धारोड (धागाकर्ता)

मंडळी, सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) ते ओझर (नाशिकचा) हे हवाई अंतर तीन ठिकाणी तपासलं तर तीन वेगळे आकडे मिळतात: ५४५, ५६० आणि ५८१ किमी. वेळेचा गोंधळ तर याहून मोठा आहे. एक कॅल्क्युलेटर ४१ मिनिटं दाखवतो, दुसरा १ तास ११ मिनिटं आणि तिकिटावर असतो जवळपास दीड तास.

प्रश्न दोन. (१) यातला बरोबर आकडा कोणता आणि बाकीचे चुकतात कुठे? (२) प्रवासाचा तक्ता करताना वेळ कोणती धरायची? एक्सेलमध्ये सूत्र बसवायचं आहे, त्यामुळे नुसतं 'साधारण तासभर' नको. कृती सांगा.

---

त्रिज्या६३७१

५४५ बरोबर आहे. हातानेच काढून दाखवतो.

सोनेगावचे निर्देशांक: २१.०९२ उत्तर, ७९.०४७ पूर्व.
ओझरचे: २०.११९ उत्तर, ७३.९१३ पूर्व.

अक्षांशांतला फरक ०.९७३ अंश, रेखांशांतला ५.१३४ अंश. अक्षांशाचा एक अंश १११.२ किमीचा. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून वर जावं तसा आखडत जातो, म्हणून त्याला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. सरासरी अक्षांश २०.६, त्याचा कोसाइन ०.९३६. म्हणजे ५.१३४ × ०.९३६ = ४.८०५.

आता पायथागोरस. ०.९७३ चा वर्ग ०.९४७, ४.८०५ चा वर्ग २३.०९. बेरीज २४.०४, वर्गमूळ ४.९०३. त्याला १११.२ ने गुणा: ५४५ किमी.

पृथ्वीची गोलाई धरणारं हॅव्हरसाइनचं मोठं सूत्र वापरलं तरी एवढ्याशा अंतरात किलोमीटरभराचाही फरक पडत नाही. दिल्ली–लंडन काढायचं असेल तर ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नाही.

---

सोनेगाव_दक्षिण

५८१ कुठून आला ते सांगतो, ही फार जुनी खोड आहे. वैमानिकांच्या अधिकृत पुस्तिकेत निर्देशांक अंश-मिनिट-सेकंदात असतात. सोनेगाव २१°०५′३१″, ७९°०२′४९″ आणि ओझर २०°०७′०८″, ७३°५४′४७″. काही लोक हे आकडे सरळ दशांशचिन्हामागे चिकटवतात: २१.०५३१, ७९.०२४९, २०.०७०८, ७३.५४४७. मिनिटं साठाची असतात, शंभराची नाहीत.

सगळ्यात मोठी गफलत ओझरच्या रेखांशात होते. ५४ मिनिटं ४७ सेकंद म्हणजे ०.९१३ अंश, त्याचे झाले ०.५४४७. तेवढ्यानेच विमानतळ ३८ किमी पश्चिमेला सरकतो, थेट सह्याद्रीत. हे चुकीचे चारही आकडे सूत्रात टाकून बघा, बरोब्बर ५८१ येतात.

---

ओझरवाला

आणि ५६० चं कारण नाशिकचंच आहे. आयएसके हा नाशिक विमानतळाचा कोड बऱ्याच जुन्या याद्यांमध्ये नाशिकच्या गांधीनगर धावपट्टीच्या नावावर आहे. ती जागा शहराला लागून, सैन्याच्या ताब्यातली. प्रवासी विमानं उतरतात ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या आवारातल्या धावपट्टीवर. गांधीनगरचे निर्देशांक (१९.९६, ७३.८१) घातले की अंतर ५६० च्या घरात जातं.

म्हणून कॅल्क्युलेटरमध्ये नुसतं 'नाशिक' टाकू नका. विमानतळाचं नाव काय दाखवतो ते बघा, ओझर नसेल तर आकडा सोडून द्या.

---

वर्धारोड

वा, तिन्ही आकड्यांचा हिशेब लागला. एका ठिकाणी २९४ असाही आकडा होता. मैल समजून किलोमीटर केले तर ४७३ येतात. तो कुठला?

---

त्रिज्या६३७१

ते सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किमी, जमिनीवरचा मैल १.६०९ किमी. ५४५ किमी म्हणजे २९४ सागरी मैल किंवा ३३९ साधे मैल. विमानाच्या दुनियेत अंतर सागरी मैलात आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलात मोजतात. तक्त्यात एकक लिहिल्याशिवाय आकडा ठेवायचाच नाही.

---

उतरंड

अंतराचं झालं, आता वेळेचं. ४१ मिनिटं हा आकडा ५४५ भागिले ताशी ८०० एवढ्यावरून आलाय. पण विमान धावपट्टीवरून उठल्याबरोबर ताशी ८०० ने पळत नाही, आणि उतरेपर्यंत त्याच वेगातही राहत नाही. १ तास ११ मिनिटं दाखवणारा कॅल्क्युलेटर त्याच ४१ मध्ये सरसकट ३० मिनिटं मिळवतो. उत्तर बरं आलं तरी तो योगायोग आहे, कारण एटीआरला (पंख्याच्या इंजिनांचं लहान, हळू विमान) तेच गणित साफ चुकतं.

नीट करायचं तर उड्डाणाचे तुकडे पाडा.

आधी अंतर वाढवा. विमान सरळ रेषेत जात नाही. धावपट्टीच्या दिशेने उडायचं, मग वळायचं, ठरलेले बिंदू गाठायचे, पलीकडे धावपट्टीच्या रांगेत यायचं. एवढ्या टप्प्यात पाच ते सात टक्के धरा. ५४५ चे झाले ५७५.

जेट (ए३२० जातीचं), ३२,००० फुटांवर:
चढाई सुमारे २० मिनिटं, त्यात २०० किमी कापले जातात. उतरण्याचा नियम सोपा आहे, दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ओझर समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर, म्हणजे उतरायचं ३०,००० फूट. ९० सागरी मैल आणि वेग कमी करायला आणखी १०. हे झाले १०० सागरी मैल, १८५ किमी. शेवटच्या रांगेसकट २२ मिनिटं. मध्ये उरले १९० किमी, ताशी ८३० ने १४ मिनिटं. एकूण हवेत ५६ मिनिटं.

म्हणजे पूर्ण वेगाने सपाट उड्डाण अवघं १४ मिनिटं! बाकी सगळा वेळ चढण-उतरणच. म्हणून जवळच्या मार्गावर 'जेट एटीआरच्या दीडपट वेगवान' हा हिशेब पुरता उतरत नाही.

एटीआर ७२, २०,००० फुटांवर:
चढाई १८ मिनिटं, १२० किमी. उतरण ११० किमी, १७ मिनिटं. मधले ३४५ किमी ताशी ५०० ने ४१ मिनिटं. एकूण ७६ मिनिटं.

यात जमिनीवरचा वेळ मिळवला की तिकिटाचा आकडा जवळ येतो.

---

सोनेगाव_दक्षिण

उतरंड यांच्या हिशेबात पुढचा भाग जोडतो. तिकिटावर छापलेली वेळ हवेतली नसते. सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलतं तो क्षण, चाकांचे अडसर काढल्याचा. पोचण्याची वेळ म्हणजे पलीकडे जागेवर उभं राहिल्याचा. या दोन्हींमधल्या अंतराला ब्लॉक टाइम म्हणतात.

जेटसाठी: मागे ढकलणं, इंजिन चालू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं १० मिनिटं, ओझरला उतरून जागेवर येणं ५. हवेतली ५६ धरून ७१ मिनिटं. त्यावर कंपनी आठ-दहा मिनिटांची गादी घालते, झाले १ तास २० मिनिटं. एटीआर ८ आणि ४ मिनिटांत भागतो, ७६ अधिक १२ म्हणजे ८८, गादीसकट १ तास ३५ च्या आसपास.

ही गादी लबाडीची नाही. पोचायला १५ मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला नाही तर विमान वेळेवर धरलं जातं, त्यामुळे वेळापत्रक जरा सैल ठेवण्याकडे सगळ्यांचाच कल असतो. म्हणूनच वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान कधीकधी 'वेळेत' पोचतं.

---

खामल्याचा_भाचा

मोबाइलवरच्या ट्रॅकरमध्ये मात्र ५५ मिनिटंच दिसतात की बाप्पा. मग तो खोटा का?

---

सोनेगाव_दक्षिण

खोटा नाही, तो वेगळी गोष्ट मोजतो. चाकं जमीन सोडतात तिथून ती पुन्हा टेकेपर्यंतची वेळ. तिकिटाच्या वेळेशी ताडायची तर जागा सोडल्याची आणि जागेवर आल्याची वेळ बघा. काही ट्रॅकर वेळ यूटीसीमध्येही (जागतिक प्रमाणवेळेत) दाखवतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. विमानतळाचा हवामान अहवालही यूटीसीतच असतो. ०२३० लिहिलं असेल तर ती सकाळी आठची नोंद, रात्री अडीचची नव्हे.

---

पंखा

वाऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही, काऊन?

नागपूरहून नाशिकची दिशा साधारण २६० अंश, म्हणजे पश्चिमेला आणि किंचित दक्षिणेला कललेली. हिवाळ्यात, ढोबळमानाने डिसेंबर ते मार्च, वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. त्याचा खरा जोर उत्तर भारतावर, पण आपल्या अक्षांशावरही ३२,००० फुटांवर ६० नॉटचा वारा ही नवलाई नाही. नाशिकला जाताना तो तोंडावर, परतताना पाठीवर.

परिणाम किती? जेटचा हवेतला वेग ४५० नॉट. ६० चा वारा समोरून असेल तर जमिनीवरून वेग ३९० उरतो. पण वर म्हटल्याप्रमाणे सपाट उड्डाण थोडंच, त्यामुळे सगळं मिळून पाच-सहा मिनिटं वाढतात. एटीआर २०,००० फुटांवर उडतो, तिथे वारा निम्माच. पण त्याचा स्वतःचा वेगही २७०, आणि तो वाऱ्यात जास्त वेळ राहतो. त्याला ३५ नॉटचा वारा सात-आठ मिनिटांना पडतो. म्हणजे हळू विमानाला हलका वारा जास्त महागात जातो.

पावसाळ्यात उलट. फार वरच्या थरात वारा पूर्वेकडून, खालच्या थरात पश्चिमेकडून. जेटला जाताना थोडा फायदा, एटीआरला तोटा. सरासरीसाठी पावसाळ्याची वारा-दुरुस्ती शून्य धरली तरी चालेल.

---

उतरंड

पंखाभाऊ, चांगली भर. उड्डाणाच्या पातळीबद्दल एक जोडतो, ती शेकडा फुटांत सांगतात, ३२० म्हणजे ३२,००० फूट. १८० ते ३५९ अंशांच्या दिशेने जाणाऱ्यांना सम पातळ्या (२००, ३२०, ३४०), पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम (१९०, २१०, ३३०). म्हणून नाशिकला जाताना आणि परतताना विमान एकाच उंचीवर दिसणार नाही. ट्रॅकरमधला हा फरक बघून पुष्कळांना प्रश्न पडतो.

---

ढग_आणि_घाट

उन्हाळ्याचा मुद्दा राहिला. तो नागपूरचाच, नाशिकला एवढा नाही.

सोनेगावची उंची १०३३ फूट. या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यात दुपारी ४५ म्हणजे ३२ अंश जास्त. दर अंशाला १२० फूट धरले तर ३,८४० फूट वाढले. त्यात उन्हाळ्यातला कमी हवेचा दाब मिळवला की विमानाच्या दृष्टीने धावपट्टी पाच हजार फुटांवर गेल्यासारखी होते. हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, पंखांना उचल कमी.

सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर आहे, त्यामुळे लांबीचा प्रश्न नाही. चढाई मात्र मंदावते, दोन-चार मिनिटं जातात. खरी अडचण आखूड धावपट्टीला होते. अमरावतीची बेलोराची १८५० मीटर. तिथे भर उन्हात एटीआरलाही वजनाचा विचार करावा लागतो, म्हणजे माणसं किंवा सामान कमी.

मार्च ते मे अवकाळीचे ढग असतात. इथे लोकांचा अंदाज हमखास चुकतो. ढगाला वळसा घातला म्हणून फार उशीर होत नाही. १०० सागरी मैलांच्या टप्प्यात २० मैल बाजूला जाऊन परत आलं तर रस्ता फक्त ८ मैलांनी वाढतो, जेटला जेमतेम एक मिनिट. वेळ खाते ती घिरटी. उतरायची पाळी येईपर्यंत हवेत घालायच्या एका पूर्ण फेरीला चार मिनिटं, १४,००० फुटांच्या वर पाच. तीन फेऱ्या झाल्या की वेळापत्रकातली सगळी गादी संपली.

---

खामल्याचा_भाचा

बाकी जोड्यांचेही आकडे द्या ना कोणी. एकदा सूत्र हातात आहे तर.

---

त्रिज्या६३७१

सोनेगावहून, सरळ रेषेत, किलोमीटरमध्ये: अमरावती १४१, जबलपूर २५४, रायपूर २७९, नांदेड २७९ (हो, दोन्ही सारखेच, चूक नाही), छत्रपती संभाजीनगर ४०४, हैदराबाद ४३३, शिर्डी ५११, पुणे ६०५, कोल्हापूर ७०२. एखाद-दोन किमीचा फरक धावपट्टीचा कुठला बिंदू धरला त्यावरून पडू शकतो.

हे फक्त अंतर. या सगळ्या ठिकाणी थेट विमान आहेच असा अर्थ काढू नका, ते तिकिटाच्या साइटवर त्या-त्या हंगामाचं बघायचं. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी.

---

समृद्धीवाला

शिर्डी ५११ वाचून राहवलं नाही. समृद्धी महामार्गाने नागपूर ते शिर्डी ५२० किमी. विमानतळ आणि इंटरचेंज या जागा वेगळ्या आहेत हे मान्य, तरी हवेतल्या रेषेच्या इतका जवळ रस्ता महाराष्ट्रात दुसरा दाखवा.

नाशिकसाठी सिन्नरकडे उतरायचं, एकूण ६०० किमीच्या आसपास. कमाल मर्यादा १२०, थांबे धरून सात ते आठ तास. रेल्वेने नागपूर–नाशिकरोड ६५० किमी, दहा तासांच्या आसपास.

विमानाचा घर ते घर हिशेब लावा. धरमपेठ ते सोनेगाव अर्धा तास, दीड तास आधी पोचायचं, ब्लॉक टाइम १:२०, बॅगेला २० मिनिटं, ओझरहून नाशकात ४० मिनिटं. ४ तास २० मिनिटं. विमान जिंकतं, पण ५६ मिनिटांच्या रुबाबात नाही.

---

सोनेगाव_दक्षिण

दीड तास आधी हे कशावर अवलंबून आहे तेही लिहा. देशांतर्गत उड्डाणाला चेक-इन बहुतेक ठिकाणी ६० मिनिटं आधी बंद होतं, बोर्डिंगचं दार २५ मिनिटं आधी. बॅग द्यायची नसेल आणि बोर्डिंग पास मोबाइलवर असेल तर सव्वा तासात भागतं. मेट्रोने येणार असाल तर एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. तिथून ऑटोची दहा मिनिटं वेगळी धरा.

---

ओझरवाला

एटीआर असेल तर दोन व्यावहारिक गोष्टी. प्रवाशांचं दार मागे असतं, पुढे सामानाचा कप्पा. लवकर उतरायचं तर मागची रांग घ्या, जेटची सवय इथे उलटी पडते. आणि डोक्यावरचे कप्पे लहान. चाकांची फुगलेली बॅग बसत नाही, ती शिडीपाशी टॅग लावून खाली ठेवतात. लॅपटॉप आणि औषधं आधीच काढून घ्या.

ओझर शहरापासून वीसेक किमी, आग्रा रोडच्या बाजूला. परतीची गाडी आधी ठरवून ठेवा. आवार संरक्षण खात्याच्या कामाचं आहे, धावपट्टीवरचे फोटो काढू नका.

---

वर्धारोड

ब्लॉक टाइमचा तक्त्यापलीकडे काही उपयोग आहे का? की फक्त माहितीसाठी?

---

कलम_आणि_पोटकलम

आहे, आणि पैशाचा आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) नियमांत नुकसानभरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. कंपनीने आयत्या वेळी उड्डाण रद्द केलं तर ब्लॉक टाइम १ तासापर्यंत असल्यास ५,००० रुपये, १ ते २ तास असल्यास ७,५००, त्यापुढे १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. नाशिकचं उड्डाण मधल्या टप्प्यात बसतं. वादळ, धुकं, वाहतूक नियंत्रणाचे आदेश अशी कारणं असतील तर भरपाई नाही, परतावा किंवा पर्यायी उड्डाण मात्र मिळतं.

उशिराचंही तसंच. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायला हवं. म्हणून तिकिटाची दोन्ही टोकांची वेळ जपून ठेवा, ट्रॅकरचा हवेतला वेळ तिथे कामाचा नाही.

---

वर्धारोड

सगळ्यांचे आभार. तक्त्यात असे रकाने केले आहेत: सरळ अंतर, त्याच्या १.०६ पट मार्ग, विमानाचा प्रकार, हवेतली मिनिटं, जमिनीवरची मिनिटं, ब्लॉक. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना जेटला अधिक ६, एटीआरला अधिक ८. पण अंतराच्या रकान्यात नाशिकला १४९ किमी येतंय. निर्देशांक त्रिज्या यांचेच टाकलेत.

---

त्रिज्या६३७१

एक्सेलचा कोसाइन अंश घेत नाही, रेडियन घेतो. २०.६ तसाच आत टाकलात तर ०.९३६ ऐवजी उणे ०.१८ मिळतो. 'कॉस'च्या कंसात आधी 'रेडियन्स' लावा, त्याच्या आत अक्षांश.

---

खामल्याचा_भाचा

१४९ किमी! नाशिकचं विमान बडनेऱ्याला उतरवलं की भाऊ.

---

वर्धारोड

लावलं. ५४५.२.